व्होल्टेज बरोबर आहे, मग पाणी कमी का? सोलर प्लेट मोजण्याची रीत

लातूर जिल्ह्यात रेणापूरकडे आमच्या दाजींचा आखाडा, म्हणजे शेतावरचं घर-गोठा, आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पाच एचपीचा सोलर पंप बसवला. ५४० वॅटच्या ९ प्लेटा, सगळ्या एका माळेत, म्हणजे एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला असं जोडलेल्या. (पॅनेलला आपल्याकडे प्लेट म्हणतात, मीही तसंच म्हणेन.) पहिल्या उन्हाळ्यात सकाळी नऊला धार पडायची. यंदा मार्चमध्ये साडेदहा वाजले तरी पाइप कोरडा. तक्रार केल्यावर तंत्रज्ञ आला, मीटरच्या दोन पिना लावल्या आणि म्हणाला, "चारशे दहा व्होल्ट हायेत काका, प्लेटा ओके. बोअरलाच पाणी नसंल." आणि गेला.

दाजींचा मला फोन आला, "पाहुणे, पोरांना शिकवता तेच एकदा आमच्या आखाड्यावर करून दाखवा."

मी आयटीआयला शिकवतो. त्या दिवशी जे केलं ते सविस्तर लिहितोय. कृषीपंप असो की घराच्या गच्चीवरचं सोलर, मोजायची रीत तीच.

नुसतं व्होल्टेज का फसवतं

सिलिकॉनचा एक सेल साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो. ५४० वॅटच्या प्लेटमध्ये असे अर्धे कापलेले १४४ सेल असतात, पण जोडणी अशी असते की माळेत ७२ सेलांइतकंच व्होल्टेज मिळतं, म्हणजे ४९-५० व्होल्ट. हे व्होल्टेज उजेडावर फार थोडं अवलंबून असतं. ऊन पाच पटीने कमी झालं तरी उघड्या टोकांवरचं व्होल्टेज ९४ टक्क्यांच्या आसपास टिकून राहतं. म्हणून सकाळी आठलाही मीटर छान आकडा दाखवतो, प्लेटवर बोटभर धूळ असली तरी दाखवतो.

अँपिअरचं तसं नाही. ऊन अर्धं झालं की करंटही अर्धा होतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर विहिरीला पाणी लागलंय की नाही एवढं व्होल्टेज सांगतं. ते दोन इंची आहे की चार इंची, हे अँपिअरलाच विचारावं लागतं. त्या तंत्रज्ञाने पाणी लागलंय एवढंच बघितलं होतं.

आधी लेबल वाचा

प्लेटच्या मागे लेबल असतं. त्याचा फोटो काढा, सिरियल नंबर दिसेल असा. वॉरंटीसाठी तोच लागतो. लेबलवर पाच आकडे महत्त्वाचे. दाजींच्या प्लेटवर ते असे होते: कमाल पॉवर ५४० वॅट, ओपन सर्किट (टोकं उघडी असतानाचं) व्होल्टेज ४९.५ व्होल्ट, शॉर्ट सर्किट (टोकं एकमेकांना जोडल्यावरचा) करंट १३.८५ अँपिअर, कमाल पॉवरला व्होल्टेज ४१.६ आणि करंट १२.९७.

हे आकडे प्रयोगशाळेतले. प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅट ऊन, सेलचं तापमान २५ अंश आणि उजेडाचा ठरावीक वर्णपट. मराठवाड्यात कडक ऊन आणि २५ अंशांचा सेल एकत्र सापडणं जवळजवळ अशक्य. परभणीत मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते, तेव्हा सेल सत्तरच्या घरात पोहोचतो. त्यामुळे "लेबलवर ५४० लिहिलंय आणि मिळतात ४००, आम्हाला फसवलं" ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. बहुतेक वेळा म्हणतोय, प्रत्येक वेळी नाही.

लेबलवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात तापमानाचे गुणांकही असतात. सध्याच्या मोनो प्लेटांमध्ये प्रत्येक अंशाला व्होल्टेज साधारण ०.२७ टक्के घटतं, पॉवर ०.३५ टक्के घटते आणि करंट जेमतेम ०.०५ टक्के वाढतो. जुन्या पॉली प्लेटांमध्ये पॉवरची घट थोडी जास्त, ०.४ टक्क्यांच्या आसपास.

काय काय लागतं

चांगला डिजिटल मल्टिमीटर, डीसी १००० व्होल्टपर्यंतचा. (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, प्लेट तीच देते. घरात येते ती एसी, दिशा बदलत राहणारी.) डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा. इथे लोक हमखास चुकतात. मोटरवाल्यांकडे असतो तो क्लॅम्प मीटर फक्त एसीचा. प्लेटच्या वायरीवर तो शून्यच दाखवतो. घेताना डीसी अँपिअरची खूण बघून घ्या आणि प्रत्येक मोजणीआधी झिरोचं बटण दाबा.

तापमानासाठी बंदुकीसारखा इन्फ्रारेड मीटर चालतो, पण काचेवर मारू नका. काच आभाळ परावर्तित करते, आकडा खोटा येतो. प्लेटच्या पाठीवर मारा आणि त्यात दोन-तीन अंश मिळवा, कारण सेल पाठीपेक्षा तेवढा गरम असतो. उन्हाचा मीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नसला तरी काम अडत नाही, ते पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट लागते, जी कुठल्याही यादीत सापडणार नाही: काळं जाड घोंगडं. प्लेटला बंद करायचं बटण नसतं. ऊन आहे तोवर ती वीज तयार करतच राहते. तिला गप्प करायचा एकच उपाय, झाकणं.

जिवाचं आधी

९ प्लेटांच्या माळेत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं. घरच्या लाइटचा झटका खाल्लेला माणूस डीसीला हलक्यात घेतो, तिथेच घात होतो. एसीची ठिणगी सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जाते, म्हणून विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, वायर ओढाल तशी लांबत जाते. म्हणून करंट वाहत असताना एमसी-४ कनेक्टर (प्लेटांच्या वायरी एकमेकींना जोडणारा प्लग) कधीही उपसायचा नाही. क्रम असा: कंट्रोलरवरून (प्लेटांच्या विजेवर मोटर चालवणारी पेटी) पंप बंद, मग डीसी आयसोलेटर (प्लेटांची लाइन तोडणारा स्विच) बंद, मग पाच मिनिटं थांबा म्हणजे कंट्रोलरच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होतात, मग क्लॅम्प लावून करंट खरोखर शून्य आहे का बघा. त्यानंतरच कनेक्टरला हात.

दुसरा धोका मल्टिमीटरचाच. बहुतेक मीटरमध्ये अँपिअरच्या भोकाला १० अँपिअरचा फ्यूज असतो आणि आपली प्लेट तेरा-चौदा अँपिअर देते. फ्यूज उडतो. स्वस्त मीटरमधला छोटा काचेचा फ्यूज ४०० व्होल्ट डीसीवर नीट उडतही नाही, मीटरच पेटतो. लाल पिन अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलेले दोन मीटर माझ्या वर्गात जळून गेलेत. करंट मोजायचा तो क्लॅम्पनेच, हा नियमच करून टाका.

वेळ कोणती धरावी

आभाळ स्वच्छ हवं. ढगाच्या कडेवरून येणारं ऊन क्षणात १००० च्या वर जातं आणि क्षणात पडतं, मोजणीचा विचका होतो. सूर्य माथ्यावर असतानाची वेळ उत्तम. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचं आणि लातूर-बीड त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे इकडे खरी दुपार वर्षभरात १२:१० ते १२:४० च्या दरम्यान कधीतरी होते. साडेअकरा ते दीड एवढा वेळ हातात धरा.

एका प्लेटची मोजणी

वरच्या क्रमाने सगळं बंद करून एक प्लेट माळेतून सोडवा. तिची दोन टोकं उघडी. आधी पाठीचं तापमान, लगेच व्होल्टेज. आमच्याकडे सेलचं तापमान ६० अंश निघालं. गणित असं: २५ पेक्षा ३५ अंश जास्त, गुणिले ०.२७ टक्के, म्हणजे साडेनऊ टक्के घट. ४९.५ चे झाले ४४.८ व्होल्ट. मोजलेले ४४.५. म्हणजे सेल ठीक, आणि सावलीतल्या किंवा बिघडलेल्या सेलांना वळसा देणारे बायपास डायोडही ठीक.

हा आकडा एक तृतीयांशाने कमी आला, म्हणजे ४५ ऐवजी ३० च्या आसपास, तर समजा बायपास डायोड शॉर्ट झालाय. प्लेटमध्ये तीन डायोड असतात, प्रत्येक जण एक तृतीयांश सेल सांभाळतो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की हे दुखणं नेहमीचं. पण हे ओळखायचं तर प्लेट सुटी मोजावी लागते. पूर्ण माळेत ४०० चे ३८५ झालेले उष्णतेच्या नावावर सहज खपून जातात.

आता करंट. प्लेटवर घोंगडं टाका. तिची दोन टोकं एकमेकांत घाला. वायरी आखूड असतील तर दोन्हीकडे एमसी-४ लावलेली चार चौरस मिलिमीटरची जोडवायर करून ठेवा. घोंगडं काढा, क्लॅम्पवर आकडा बघा, लिहा. पुन्हा घोंगडं टाका आणि मगच टोकं सोडवा. थोडा वेळ शॉर्ट केल्याने प्लेटला काही होत नाही. ठिणगी पडते ती घोंगडं न टाकता प्लेटची टोकं उपसताना.

मळलेल्या प्लेटचा करंट निघाला ९.६ अँपिअर. आता हा कमी की बरोबर? ऊन किती आहे ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्याकडे उन्हाचा मीटर नव्हता. म्हणून शेजारची एक प्लेट मऊ फडक्याने, गोड्या पाण्याने काच चकचकीत होईपर्यंत पुसली आणि तीच मीटर म्हणून वापरली. तिचा करंट आला १२ अँपिअर. गणित उलटं फिरवायचं: १२ भागिले १३.८५, गुणिले १०००. ८६६ आलं. तापमानामुळे करंट दीड-पावणेदोन टक्का वाढलेला असतो तो वजा केला की चौरस मीटरला ८५० वॅट. एवढं त्या घडीचं ऊन.

खरं तर ८५० काढलं नसतं तरी चाललं असतं. दोन प्लेटा, दोन मिनिटांच्या आत, त्याच उन्हात, त्याच कोनात: एक १२, दुसरी ९.६. वीस टक्के गळती फक्त काचेवर. शेतातल्या मोजणीची माझी पद्धत हीच आहे. प्लेटची तुलना लेबलशी करत बसण्यापेक्षा तिच्या शेजारणीशी करा. लेबलशी तुलना करताना ऊन, तापमान, मीटर या तिघांच्या चुका एकत्र येतात. शेजारणीशी करताना त्यातल्या बऱ्याचशा आपोआप वजा होतात.

तरीही पाच टक्क्यांवरून भांडायला जाऊ नका. शेतातल्या साधनांची अचूकताच तेवढी असते. शिवाय प्लेट पहिल्या वर्षी दोन-तीन टक्के आणि पुढे दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का उतरतेच. दहा टक्क्यांच्या पुढे फरक दिसला, तोही धुतल्यानंतर, तर तक्रारीत दम आहे.

वक्र काढायचा असेल तर

हा भाग विद्यार्थ्यांसाठी. वक्र म्हणजे व्होल्टेजबरोबर करंट कसा बदलतो त्याचा आलेख. नुसता पंप सुधारायचा असेल त्यांनी पुढे जायला हरकत नाही.

उघडं व्होल्टेज आणि शॉर्ट करंट ही दोन टोकं झाली. दोन्ही टोकांना पॉवर शून्य. खरं काम मधे कुठेतरी होतं. ते बघायला १० वॅटची, १२ व्होल्टवाली छोटी प्लेट घ्या आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला १०० ओहमचा, एक-दोन अँपिअर सोसणारा सरकता ऱ्हिओस्टॅट. प्लेटच्या टोकांवर व्होल्टमीटर, मालिकेत अँपिअरमीटर. ऱ्हिओस्टॅट पूर्ण रोधापासून शून्याकडे सरकवत पंधरा-वीस नोंदी घ्या. १७ व्होल्टच्या आसपास नोंदी दाट घ्या, कारण वक्र तिथेच वळतो. १०० ओहमच्या पुढचा भाग राहतो, तिथे शेवटचा बिंदू उघड्या टोकांचा घ्या. सगळं दोन-तीन मिनिटांत उरका, नाहीतर प्लेट तापत जाते आणि पहिली नोंद एका तापमानाची, शेवटची दुसऱ्या अशी खिचडी होते.

समजा उघडं व्होल्टेज २१, शॉर्ट करंट ०.६१ आणि सर्वांत मोठा गुणाकार १७.२ गुणिले ०.५५ म्हणजे ९.४६ वॅट मिळाला. २१ गुणिले ०.६१ होतात १२.८१. ९.४६ भागिले १२.८१ बरोबर ०.७४. हा फिल फॅक्टर, म्हणजे दोन टोकांच्या गुणाकारातला किती हिस्सा खरोखर मिळतो तो. चांगल्या सिलिकॉन प्लेटचा तो ०.७५ ते ०.८० च्या आसपास असतो. ०.६५ वगैरे आला तर आत रोध वाढलाय: सोल्डर सुटलेलं, पट्टी गंजलेली किंवा सेलला तडा. व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठणठणीत असूनही प्लेट लोडवर मान टाकते, तेव्हा दोष इथे सापडतो. वक्र गुळगुळीत न उतरता मधे पायरी पडली असेल, तर कुठल्यातरी सेलवर सावली आहे किंवा तो मेलाय, आणि डायोड त्याला वळसा घालतोय.

कार्यक्षमता काढणं सोपं. कमाल पॉवर भागिले पडलेलं एकूण ऊन. दाजींची प्लेट २.२८ मीटर गुणिले १.१३ मीटर, म्हणजे २.५८ चौरस मीटर. १००० वॅट उन्हाने तिच्यावर २५८० वॅट पडतात, ती ५४० देते. २१ टक्के.

सुटा एकच सेल मोजत असाल तर व्होल्टेजच्या वायरी वेगळ्या आणि करंटच्या वेगळ्या घ्या, थेट सेलच्या पट्टीवर. सेल ०.६ व्होल्टचा आणि करंट १० अँपिअर. वायर आणि चिमट्यात ०.०१ ओहम रोध असला तरी ०.१ व्होल्ट तिथेच खाल्लं जातं, म्हणजे सहावा हिस्सा. पोरं मग सेल खराब म्हणून फेकून देतात.

पंप चालू असताना

कंट्रोलरच्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर आणि हर्ट्झ दिसतात. हर्ट्झ जितके जास्त तितकी मोटर वेगात. आमच्याकडे भर दुपारी ३२५ व्होल्ट, ८.८ अँपिअर होते. गुणाकार २८६० वॅट. अपेक्षित किती? ५४० गुणिले ०.८५ ऊन, त्यातून ३५ अंशांचे सव्वाबारा टक्के वजा, म्हणजे प्लेटमागे ४०३ वॅट. नऊ प्लेटांचे ३६२७. आपण ७९ टक्क्यांवर होतो. प्लेटची करंटमधली गळती आणि हा आकडा जुळतात, म्हणजे वायरीत किंवा जोडात वेगळा मोठा दोष नाही.

पण सावध. हर्ट्झ ५० ला टेकला असेल तर मोटर पूर्ण वेगाने चालू आहे आणि कंट्रोलर मुद्दाम जास्तीची पॉवर घेत नाही. तेव्हा वॅट कमी दिसले तरी प्लेटांचा दोष नसतो. आमच्याकडे हर्ट्झ ४२ वर अडकले होते, म्हणजे मोटर उपाशी होती. खोल बोअरला याचा फटका जास्त बसतो. ठरावीक वेगाखाली पंपाला पाणी वरपर्यंत ढकलताच येत नाही, त्यामुळे वीस टक्के वीज गेली की सकाळ-संध्याकाळचा वेळ पूर्णच हातचा जातो.

पावसाळ्यात ट्रिप होत असेल तर

भुईतून गेलेली केबल घुशींनी कुरतडली किंवा कनेक्टर चिखलात पडला की कंट्रोलर अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीत गळतेय असं, दाखवतो. मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) असेल तर त्याने मोजा. चारशे-साडेचारशे व्होल्टच्या माळेला ५०० व्होल्टची चाचणी, आणि रोध किमान एक मेगओहम हवा. कंट्रोलर आधी वेगळा करायचा, नाहीतर तोच जळतो.

मेगर नसला तरी साध्या मीटरने जागा शोधता येते, आणि हा उपाय मला स्वतःला फार आवडतो. माळेची दोन्ही टोकं कंट्रोलरपासून सोडवा. आता प्लसपासून अर्थिंगच्या सळईपर्यंत व्होल्टेज मोजा, मग मायनसपासून. इन्सुलेशन चांगलं असेल तर आकडा भुतासारखा हलतो आणि शून्याकडे पडतो. गळती असेल तर तो स्थिर राहतो. समजा एकूण ४०० व्होल्ट, आणि प्लसकडून १३३ स्थिर, मायनसकडून २६७. प्लेटमागे ४४ व्होल्ट. १३३ भागिले ४४ म्हणजे तीन. प्लसकडून तिसरी आणि चौथी प्लेट यांच्यामधला जोड बघा. बहुतेक तिथेच वायर फ्रेमच्या धारेवर सोललेली सापडते. रबरी हातमोजे आणि कोरडी चप्पल घालून करा, आणि ओल असताना एकट्याने करू नका.

गच्चीवाल्यांसाठी थोडक्यात

तुम्हाला क्लॅम्पची गरज क्वचित पडते, इन्व्हर्टरचं ॲप असतं. तीन किलोवॅटचं सोलर, त्या दिवशी साडेपाच तासांइतकं पूर्ण ऊन, म्हणजे आदर्श १६.५ युनिट. मिळाले १२.५. भागाकार ०.७६, ठीक आहे. ०.६५ च्या खाली सलग आठवडाभर राहिला तर वर चढून बघा. तुलना करताना मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या. फेब्रुवारी-मार्चशी मे जोडू नका, मे मध्ये उष्णताच बारा-पंधरा टक्के खाते. श्रावणाशी तर अजिबात नको.

दाजींच्या प्लेटांचं काय झालं

जवळच खडी केंद्र, त्यात ऑक्टोबरात शेजारी सोयाबीनची रास झालेली, मळणी यंत्राचा भुसा. दाजी आळशी नव्हते, दर पंधरा दिवसांनी प्लेटा धूत होते. पण बोअरच्या पाण्याने, भर उन्हात. पाणी तापलेल्या काचेवर वाळायचं आणि क्षार मागे ठेवायचं. काचेवर नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघाली. धुऊन धुऊनच प्लेटा आंधळ्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, काच थंड असताना, आधी नुसतं पाणी मारलं. त्या दुपारी कंट्रोलरवर ९.७ अँपिअर. मग पांढरं व्हिनेगर पाण्यात पातळ करून मऊ फडक्याने पुसलं, फ्रेमवर राहू न देता टाकीतल्या पावसाच्या पाण्याने धुतलं आणि रबरी वायपरने निथळवलं. तिसऱ्या दुपारी, जवळपास तेवढ्याच उन्हात, १०.६ अँपिअर आणि ३२५ व्होल्ट. ३४४५ वॅट, अपेक्षेच्या ९५ टक्के.

धार आता सव्वानऊला पडते. पहिल्या वर्षीसारखी नऊला नाही. बोअरमध्ये दोरी सोडून बघितली तर पाणी आठ-दहा फूट खाली गेलेलं होतं. तो तंत्रज्ञ तेवढ्यापुरता खरा होता. दाजींनी कंट्रोलरच्या पेटीच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: तारीख, वेळ, व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ. दर अमावस्येच्या आसपास दुपारी साडेबाराला ते एक ओळ भरतात.